जामीन, देखरेख आणि परिवीक्षा : मद्यपी वाहनचालकाच्या शिक्षेचा पूर्वेतिहास

दारूच्या अंमलाखाली वाहन चालविल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी अलीकडचा वाटतो. मोटार आली, डांबरी सडक आली आणि त्यांच्या पाठोपाठ हा गुन्हा आला, असे आपण धरून चालतो. परंतु अशा माणसाला तुरुंगाबाहेर ठेवून ठरावीक मुदतीपर्यंत कोणाच्या तरी देखरेखीखाली सोपविण्याची जी व्यवस्था आज परिवीक्षा या नावाने ओळखली जाते, ती मोटारीपेक्षा जुनी आहे. इतकेच नव्हे, तर तिचा जन्मच मुळी एका दारूबाजाच्या निमित्ताने झालेला आहे. ज्याच्यासाठी ती निर्माण झाली तोच पुढे तिच्या कक्षेबाहेर कसा पडला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे कायद्याच्या कलमांइतकाच त्या कलमांनी वापरलेल्या शब्दांचाही पुरावा येथे घेतला आहे.

विवेचनाला खानदेशाची भूमी घेण्यास कारण आहे. धुळ्याचे देवपूर हे पांझरेच्या उत्तर तीरावरील उपनगर. जुना मुंबई–आग्रा रस्ता शहरातून येऊन पांझरा ओलांडतो आणि देवपुरातून शिरपूरकडे निघतो. सुरत–नागपूर महामार्ग याच शहराशी त्याला छेदतो आणि सोलापूरचा रस्ताही येथेच येऊन मिळतो. गुजरात व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या सीमा जवळ. मालमोटारी, एस. टी., दुचाक्या, उसाच्या बैलगाड्या हे सर्व एकाच वाटेवर असलेले असे हे ठिकाण आहे. येथे रात्रीच्या नाकाबंदीत एखादा चालक सापडला, तर त्याच्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खाली खटला होतो. हा गुन्हा रस्त्यावरच पावती फाडून मिटविता येत नाही, त्यासाठी न्यायालयात जावे लागते. तेथे रूढ मार्ग दंडाचा. दंड भरला जातो, परवाना काही काळ निलंबित होतो आणि माणूस घरी जातो. त्याला घरी पाठविताना न्यायालय आणखी काही करू शकते का, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात ‘होय’ असे आहे. व्यवहारात ते उत्तर फारसे ऐकू येत नाही.

परिवीक्षेच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक ग्रंथकार १८४१ सालच्या बॉस्टन शहरात करतात, आणि ते योग्यच आहे. जॉन ऑगस्टस हा तेथील एक चर्मकार, बूट तयार करणारा. तो मद्यपान-त्यागाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींपैकी होता. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात पोलीस न्यायालयात अट्टल दारूबाज म्हणून उभ्या केलेल्या एका माणसाला त्याने जामीन राहून सोडवून घेतले. तीन आठवड्यांनी तो माणूस न्यायाधीशासमोर आला तेव्हा ओळखू येईना इतका सुधारला होता. न्यायाधीशाने त्याला एक सेंट दंड व खटल्याचा खर्च एवढ्यावर सोडून दिले. १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टसने १,९४६ माणसांना जामीन राहून सोडविले होते. मॅसॅच्युसेट्स राज्याने या प्रथेला १८७८ मध्ये कायद्याचे रूप दिले. इंग्लंडातील कथाही हीच. तेथे फ्रेडरिक रेनर नावाच्या मुद्रकाने १८७६ मध्ये चर्चच्या मद्यपानविरोधी संस्थेला पाच शिलिंग पाठवून न्यायालयात येणाऱ्या दारूबाजांसाठी काहीतरी करा असे सुचविले. त्यातून न्यायालयांत बसणारे मिशनरी निर्माण झाले आणि १९०७ च्या इंग्लिश कायद्याने त्यांना अधिकारी केले. त्या कायद्याने अधिकाऱ्याची कामे सांगताना तीन क्रियापदे वापरली आहेत : सल्ला देणे, साहाय्य करणे आणि मैत्री करणे. यांतील तिसऱ्या क्रियापदाकडे पुढे वळावयाचे आहे.

ऑगस्टसची भूमिका नीट पाहिली, तर तो अधिकारी नव्हता, जामीनदार होता. ‘हा माणूस चांगला वागेल’ याची हमी त्याने स्वतःच्या पैशावर घेतली होती. आणि ही कल्पना मराठी मुलखाला मुळीच परकी नव्हती. मराठी दफ्तरांत जामिनाचे प्रकार निरनिराळ्या नावांनी येतात. माणूस हजर करण्याची हमी घेणारा तो हाजीरजामीन, रकमेची हमी घेणारा तो मालजामीन आणि वर्तनाची हमी घेणारा तो फैलजामीन. यांतील ‘फैल’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ केवळ कृती. मराठीत तो हळूहळू वाईट कृतीकडे झुकला, हा अर्थसंकोच बोलका आहे. ज्याच्या कृतीची हमी मागावी लागते त्याची कृती संशयास्पदच असणार, असे भाषेने ठरवून टाकले. मुचलका हा तुर्की वळणाचा शब्द, माणसाने स्वतःविषयी लिहून दिलेल्या बंधपत्राचा. मुचलका आणि जामीन यांतील भेद आजच्या वृत्तपत्रांत पुसट झाला असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. मुचलक्यात माणूस एकटा बांधला जातो, जामिनात त्याच्यासाठी दुसरा बांधला जातो. ऑगस्टसने जे केले ते आपल्या दफ्तरी भाषेत फैलजामिनाचेच काम होते.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला तेव्हा या वर्तनाच्या हमीची सर्वांत मोठी कसोटी येथेच लागली. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा येथील पहिला पोलिटिकल एजंट. सातपुडा व सातमाळ्याच्या आश्रयाने राहणाऱ्या भिल्ल नाईकांशी लढून काही साधत नाही, हे काही वर्षांत सरकारच्या ध्यानात आले. माफी, पेन्शन, शेतीसाठी तगाई आणि नाईकाने आपल्या माणसांची जबाबदारी घेणे, असा मार्ग मग स्वीकारण्यात आला. १८२५ मध्ये धरणगाव येथे जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, ती याच धोरणाचा भाग. या धोरणामागे दयाबुद्धीपेक्षा राज्याची सोय अधिक होती, हे उघड आहे. तथापि गुन्हेगाराला त्याच्याच माणसांच्या हमीवर मोकळे ठेवता येते, याचा एक मोठा प्रयोग खानदेशाने पाहिला.

त्याच शतकाच्या अखेरच्या भागात मात्र देखरेखीचा दुसरा चेहरा दिसू लागला. १८७१ च्या आणि पुढे १९११ च्या गुन्हेगार जमातींविषयक कायद्यांनी जन्मावरूनच माणसाला संशयित ठरविले आणि त्याच्यामागे हजेरी लावली. पोलीस पाटलाकडे किंवा चौकीवर रोज हजेरी देणे ही त्या काळातील देखरेख. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पण ‘देखरेख’ या साध्या मराठी शब्दावर पडलेली हजेरीची छाया कायद्याबरोबर रद्द होणारी नव्हती. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्याची जी कारवाई होत असे तिला महाराष्ट्रात ‘चॅप्टर केस’ म्हणत आले आहेत. फैलजामीन हा शब्द गेला आणि त्याच्या जागी ‘चॅप्टर’ आला. पहिल्यात निदान हमीदार दिसत होता. दुसऱ्यात केवळ इंग्रजी पुस्तकातील प्रकरणाचा क्रमांक उरला.

आता विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाकडे वळू. १९१९–२० च्या भारतीय तुरुंग समितीने परिवीक्षेची शिफारस केली होती. तिला अनुसरून मद्रास व मध्य प्रांताने १९३६ च्या सुमारास कायदे केले. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ १९३७ मध्ये अधिकारावर आले. गृहखाते कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे होते. या मंत्रिमंडळाने १९३८ चा मुंबई अपराधी परिवीक्षा कायदा केला. त्याच मंत्रिमंडळाने डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये अहमदाबादेत आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी पुकारली. जे मंत्री, जे विधिमंडळ आणि जवळजवळ जे वर्ष त्यांचेच हे दोन कायदे. असे असूनही त्यांचा एकमेकांशी संबंध जोडला गेला नाही. बॉस्टनमध्ये जो प्रश्न एक होता, तो मुंबईत दोन खात्यांत विभागला गेला. माणूस सुधारणे हे परिवीक्षेचे काम झाले आणि दारू थांबविणे हे अबकारी खात्याचे. दारू पिणारा माणूस या दोन दप्तरांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहिला. माझ्या मते पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

आणि हे मुंबईत घडत असताना पश्चिम खानदेशात काय चालले होते? तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराज या आदिवासी संताने भिल्लांमध्ये दारू सोडण्याची एक विलक्षण चळवळ उभी केली होती. सोमवारच्या आरतीला हजारो माणसे जमत. दारू व मांस वर्ज्य करण्याची, स्वच्छ राहण्याची शपथ घेतली जाई. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालविले. या पंथाचे अनुयायी एकमेकांना ‘आप’ असे संबोधीत आणि त्यावरूनच ‘आप’ हे त्या धर्माचे नाव पडले. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात फार मोठी गोष्ट दिसते. मराठीने अशा स्थानी ‘तुम्ही’ व ‘आपण’ ही रूपे रूढ केली. हे ‘आप’ त्यांपासून वेगळे. आणि ते साहेबाने किंवा सावकाराने भिल्लाला उद्देशून वापरलेले नसून भिल्लाने भिल्लाला, लहानाने थोराला आणि थोराने लहानाला उद्देशून वापरलेले. व्यसन सोडणाऱ्या माणसावर समाजाचे लक्ष राहिले, पण ते लक्ष आदरार्थी सर्वनामातून राहिले. त्यात हजेरी नव्हती. परिवीक्षेचा कायदा ज्या वर्षी मुंबईत छापला गेला, त्याच वर्षी परिवीक्षेचे काम, त्या शब्दावाचून, सातपुड्याच्या पायथ्याशी चालू होते. कायदे करणाऱ्यांना त्याची खबर असण्याचे कारण नव्हते, आणि असती तरी ती त्यांनी बहुधा अबकारी खात्याकडे पाठविली असती.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदीची पकड घट्ट झाली. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अंमलात आला आणि एप्रिल १९५० मध्ये सबंध राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. आता दारू पिऊन गाडी चालविणे हा प्रश्नच उद्भवू नये, कारण पिणेच गुन्हा. प्रत्यक्षात या कायद्याखालील सर्वांत गाजलेल्या खटल्यांपैकी एक मोटारीच्या चाकाशीच जन्मला. २९ मे १९५१ च्या रात्री मुंबईत एका जीपगाडीने तिघांना धडक दिली. गाडी चालविणारे गृहस्थ पेसिकाका हे त्या वेळी मुंबई विभागाचे प्रादेशिक परिवहन अधिकारी म्हणून काम पाहत होते. म्हणजे इतरांना वाहन चालविण्याचे परवाने देणाऱ्या कचेरीचे प्रमुखच. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टराने नोंदविले की श्वासाला मद्याचा वास आहे, डोळे लाल आहेत, पण बोलणे सुसंगत आहे आणि सरळ रेषेत चालता येते. तेव्हा मद्य घेतलेले असले तरी मनुष्य त्याच्या अंमलाखाली दिसत नाही. आरोपीचे म्हणणे असे की, आपण औषधी टॉनिक घेतले होते. मॅजिस्ट्रेटने त्यांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने दारूबंदीच्या कलमाखाली दोषी धरून एक महिन्याची सक्तमजुरी व दंड सुनावला. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ती शिक्षा रद्द केली. १९५१ च्या बलसारा खटल्यात औषधी द्रव्यांतील मद्यार्कावरील बंदी अवैध ठरली होती. तेव्हा पोटातील मद्यार्क निषिद्ध दारूचाच होता हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे, असा त्या निर्णयाचा आशय.

या खटल्यातील दोन मराठी शब्दांकडे पाहिले पाहिजे. ‘दारू’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू करणे’ या प्रयोगात तो अर्थ आपण आजही जपला आहे. तोफेच्या दारूत तो स्फोटकाकडे गेला आणि पिण्याच्या दारूत मद्याकडे. दिल्लीच्या न्यायासनासमोर जो वाद झाला, तो एका अर्थी या शब्दाच्या पोटातच पूर्वीपासून होता. दुसरा शब्द ‘अंमल’. तोही अरबीतून आलेला, कृती व कारभार या अर्थांचा. मराठीत पेशव्यांचा अंमल असतो, कायद्याची अंमलबजावणी असते, अंमलदार असतो आणि दारूचाही अंमल असतो. कोणाचे तरी राज्य माणसावर चालते, ही कल्पना या सर्वांत समान. एखाद्या माणसावर दारूचे राज्य चालते की कायद्याचे, असा प्रश्न मराठी भाषा एकाच शब्दात विचारते. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ११७ असे की, वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होण्याइतपत चालक दारूच्या अंमलाखाली असला पाहिजे. हा ‘इतपत’ ठरविण्यासाठी साक्ष लागे : तो कसा चालला, कसा बोलला, जीभ अडखळली का. माणसाची भाषा हा तेथे पुरावा होता.

पेसिकाका प्रकरणानंतर मुंबई सरकारने हा पुरावाच बदलला. १९५९ च्या दुरुस्तीने रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक आढळले, तर आपण घेतले ते निषिद्ध मद्य नव्हे हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकले. नॉर्वेने १९३६ मध्ये वाहनचालकांसाठी हाच आकडा धरला होता. पुढे १९८८ च्या मोटार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने चालकांसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही मर्यादा घातली. आकड्याचा लाभ स्पष्ट आहे. ओळखीचा डॉक्टर, लाल डोळ्यांचे दुसरे कारण, औषधाची बाटली, या पळवाटा त्याने अरुंद केल्या. पण आकडा एका क्षणाचा असतो. त्या रात्री रक्तात किती होते एवढेच तो सांगतो. हा माणूस रोज पितो की लग्नाच्या वरातीत एकदाच प्याला, याविषयी तो मुका आहे. पुरावा जसजसा अचूक झाला, तसतसा माणूस खटल्यातून नाहीसा झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

१ मे १९६० रोजी राज्य विभागले गेले. गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने त्या दशकात परवाने सैल केले. कायदा मात्र दोन्हीकडे १९४९ चाच राहिला. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तेथे एकाच फलाटावर एकाच कायद्याचे दोन निरनिराळे अंमल आढळतात, ही गंमत खानदेशी प्रवाशाला ठाऊक आहेच.

या सुमाराला परिवीक्षेचा प्रांतिक कायदा जाऊन केंद्राचा अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आला. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो वाचण्यासारखा आहे. दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र अशा कोणत्याही पहिल्या गुन्ह्यात कलम ३ प्रमाणे समज देऊन सोडता येते. मृत्युदंड किंवा जन्मठेप यांना पात्र नसलेल्या गुन्ह्यात कलम ४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते, आणि त्याच्या जोडीला किमान एक वर्षाच्या देखरेखीचा आदेश देता येतो. देखरेखीच्या आदेशाबरोबर ज्या अटी घालता येतात, त्यांत राहण्याच्या जागेबरोबर मादक द्रव्यांपासून दूर राहण्याची अट संसदेने नाव घेऊन सांगितली आहे. म्हणजे ऑगस्टसच्या दारूबाजाची स्मृती या कायद्याच्या एका पोटकलमात शिल्लक आहे. मोटार कायद्याच्या कलम १८५ ची पहिल्या वेळची शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. तेव्हा हे दोन कायदे एकत्र वाचण्यास शब्दांची कोणतीच आडकाठी नाही.

आडकाठी आहे ती कल्पनेची, आणि तिचा काही भाग आपण घडविलेल्या शब्दात आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. ‘परिवीक्षा अधिकारी’ हे पदनाम या शब्दघडणीच्या युगाचे अपत्य आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ कसोटीला लावणे, पारखणे. संस्कृतातील ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्याला ‘वि’ आणि ‘परि’ हे उपसर्ग लागून चोहोंकडून नीट पाहणे असा अर्थ झाला. शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. (सरकारी पाट्यांवर तो बहुधा ‘परिविक्षा’ असा ऱ्हस्व लिहिलेला आढळतो, त्याला इलाज नाही.) परंतु त्यात कसोटी राहिली नाही आणि मैत्री तर नाहीच; राहिले ते केवळ पाहणे. १९५८ च्या कायद्यानेही अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना सल्ला व साहाय्य ही दोन क्रियापदे घेतली आणि तिसरे सोडून दिले. शिवाय नोकरीत नव्याने लागलेल्या उमेदवारालाही आपण ‘परिवीक्षाधीन’ म्हणतो. जुन्या मराठीत त्याच्यासाठी ‘उमेदवारी’ हा किती जिवंत शब्द होता! बँकेतला नवा अधिकारी आणि न्यायालयातून सुटलेला अपराधी यांना एकच विशेषण लागू करणारी भाषा सामान्य माणसाच्या तोंडी रुळत नाही. खानदेशातील एखाद्या चालकाला ‘तुला परिवीक्षेवर सोडले आहे’ असे सांगितले, तर त्याला त्यातून एक तर काहीच कळणार नाही, किंवा हजेरी लागली असे कळेल.

अधिकाऱ्याची नेमणूकही विषयाला वळण देणारी ठरली. महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत येतो. बालकांच्या कायद्याखालील चौकश्या हा त्याच्या कामाचा मोठा भाग. १९२४ च्या मुंबई बालक कायद्यापासून या पदाचा वंश त्या बाजूला वाढला, त्यामुळे हे स्वाभाविक होते. पण परिणाम असा की, प्रौढ मद्यपी चालक न्यायालयासमोर येतो तेव्हा त्याला पाहणारी खाती म्हणजे पोलीस, परिवहन आणि राज्य उत्पादन शुल्क. चौथे खाते त्या खोलीत नसते.

याच्या उलट बाजूचे म्हणणेही वजनदार आहे आणि ते टाळून चालणार नाही. दलबीरसिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २००० सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बेदरकार वाहन चालवून मृत्यूस कारण झालेल्या चालकाला परिवीक्षेचा लाभ देण्यास नकार दिला. तुरुंग टळेल अशी आशा धंदेवाईक चालकाच्या मनात राहिली, तर रस्त्यावरील माणसे सुरक्षित राहणार नाहीत, असा त्यामागील विचार. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण ठार आणि आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क सापडला. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची कैद दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षे केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. या सात माणसांच्या संदर्भात परिवीक्षेचा शब्द उच्चारणेही अनेकांना अश्लाघ्य वाटेल, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. माझेही मत असे की, मृत्यू घडल्यानंतर सौम्यतेचा विचार मृताच्या घरच्यांना वगळून करता येत नाही.

परंतु कलम १८५ चे खटले बहुतांशी अशा माणसांचे असतात की ज्यांच्या हातून अजून काही घडलेले नाही. मुंबईत २००७ पासून वाहतूक पोलिसांनी श्वासपरीक्षेची मोहीम सातत्याने चालविली, तेव्हापासून मराठीत ‘ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडला’ असा प्रयोग रूढ झाला. या प्रयोगातील सप्तमी पाहण्यासारखी आहे. गुन्हा हा माणसाने केलेली कृती नसून तो ज्यात अडकला ते जाळे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास पंधरा हजारांपर्यंत नेला. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री बंद केली. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटरवर आणले. दुकान मागे सरकले, दंड वर गेला, मर्यादा खाली आली. या सर्व हालचालींत जो एकटाच होता तेथे उभा राहिला तो पिणारा चालक. हैदराबादेत वाहतूक पोलिसांनी सापडलेल्या चालकास घरच्या माणसासह समुपदेशनासाठी बोलावण्याची पद्धत पाडली, हा अपवाद म्हणावा लागेल. घरचे माणूस बरोबर हवे या अटीत जुन्या जामिनाची खूण ओळखू येते.

महाराष्ट्रात देखरेखीचा प्रश्न लोकांच्या चर्चेत आला तो मे २०२४ मध्ये, आणि तोही फार दुर्दैवी रीतीने. १९ मेच्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीखाली एक तरुण व एक तरुणी ठार झाली. चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामिनावर सोडताना अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, वाहतुकीच्या नियमांचा अभ्यास करावा, व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन घ्यावे, अशा अटी घातल्या. राज्यभर संताप उसळला, आणि काही दिवसांत मुलाला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले. पुढे जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो बाहेर आला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ‘दोन जिवांची शिक्षा म्हणजे एक निबंध काय?’ असा प्रश्न तेव्हा सर्वतोमुखी झाला. वस्तुतः तो जामीन होता, शिक्षा नव्हती. पण हा गैरसमज केवळ अज्ञानाचा म्हणता येत नाही, भाषेचाही आहे. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे. हिंदीने तोच अर्थ ठेवला. मराठीने शिकण्याचा अर्थ ‘शिक्षण’ या शब्दाकडे सोपवून ‘शिक्षा’ दंडासाठी राखून ठेवली. मराठी कानाला शिक्षेत शिकण्याचा भाग ऐकू येत नाही. तसा तो ऐकू आला की ती शिक्षाच नव्हे असे वाटते. आणि दोन मृत्यूंच्या समोर ठेवलेला तीनशे शब्दांचा आकडा इतका तुटपुंजा होता की, देखरेख, समुपदेशन, मादक द्रव्यांपासून दूर राहण्याची अट या सर्व कल्पना त्या एका निबंधाबरोबर हास्यास्पद ठरल्या. ज्या चालकांना त्या लागू करणे योग्य ठरले असते, त्यांचे यात नुकसान झाले.

१ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आणली. सार्वजनिक जागी नशेत गैरवर्तन करणाऱ्यास पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५१० प्रमाणे चोवीस तासांची साधी कैद किंवा दहा रुपये दंड होई. आता कलम ३५५ प्रमाणे त्याला हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सामुदायिक सेवाही सांगता येते. हे कलम पायी झिंगणाऱ्यासाठी आहे. तोच मनुष्य देवपूरच्या पुलावर दुचाकीवर बसला, की तो मोटार कायद्यात जातो आणि त्याच्यासाठी पुन्हा दंड किंवा कैद एवढेच कलम १८५ मध्ये उरते. त्याच्यापुढे मार्ग उघडा आहे तो १९५८ च्या कायद्याच्या कलम ४ चाच.

त्या कलमाप्रमाणे आदेश देण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आला असल्यास न्यायालयाने तो विचारात घ्यावयाचा असतो. धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात अशी चौकशी अहिराणीत, भिल्लीत, पावरीत होणार आणि कागदावर शासकीय मराठीत उतरणार. तेथे ‘मद्यप्राशन केले’ असे लिहिले जाईल. पण घरची माणसे तसे बोलत नाहीत. बोलीतल्या मराठीत ‘पितो’ असेही फारसे कोणी घरच्या माणसाविषयी म्हणत नाही. ‘घेतो’ म्हणतात, आणि काय घेतो हे कर्मपद गाळतात. बायको ‘हल्ली घेतात’ म्हणते, आई ‘आता घेत नाही’ म्हणते, मालमोटारीचा मालक ‘गाडीवर असताना घेत नाही’ म्हणतो. या तीन वाक्यांतील ‘हल्ली’, ‘आता’ आणि ‘गाडीवर असताना’ हे शब्द रक्ताच्या चाचणीत उतरत नाहीत; अहवालात ते जसेच्या तसे उतरले, तर कोणाला जामीन धरावे आणि कोणती अट घालावी, हे न्यायाधीशाला त्यांतूनच कळावयाचे असते.